दिवसा सांगितलेली गोष्ट

सेल्वाने त्लादी या बाईला बोलायला फार लागतं, आणि नोकरी मिळाली ती लोकांना गप्प बसवायची. बाईच्या नशिबाने चांगलीच थट्टा केली म्हणायची. जोहान्सबर्गच्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ती नर्स आहे, पन्नाशी गाठलेली, अंगाने भरलेली, चालताना बुटांचा चरचर आवाज करणारी. तिच्या ताब्यात एक छोटी खोली आहे. खोलीत एक पलंग, दोन गरम पांघरुणं, मंद दिवा आणि एक जाड काच. खोलीला कागदोपत्री काहीतरी लांबलचक नाव आहे, पण तळघरातले सगळे तिला गप्पखोली म्हणतात.

ज्या पोरांना दुसऱ्याचं मूत्रपिंड नाहीतर लिव्हर बसवलेलं असतं, त्यांचा ताप हा साधा ताप नसतो. परकं लिव्हर अंगाने हाकलून देऊ नये म्हणून त्यांना रोज गोळी असते, आणि ती गोळी अंगाच्या पहारेकऱ्यांनाच झोपवून टाकते. मग जंतू शिरतो तो चोरपावलांनी. सूज नाही, रक्तात पत्ता नाही, सोनोग्राफीत काही नाही. ताप तेवढा हटत नाही. असं झालं की पोराला खाली तळघरात आणतात आणि शिरेतून किरणोत्सारी साखर देतात, अगदी थोडीशी. अंगात जिथे कुणी अधाशासारखं खात असेल तिथे ती साखर जाऊन बसते, आणि यंत्राला तिथे उजेड दिसतो. जंतूंशी झुंज चाललेली जागा अशी सापडते.

पण साखर ती साखर. पोराने हात हलवला की हाताचा स्नायू ती खातो. थंडी वाजली की मानेतली चरबी खाते. रडलं, चघळलं, बडबडलं की गळा खातो. म्हणून सुई दिल्यावर तासभर ऊबदार पांघरुणात मुकाट पडून राहायचं. मोठ्या माणसांना हे जमत नाही, तर पाच-सहा वर्षांच्या पोरांना काय जमणार? कॅसेटी लावून झाल्या, भिंतीवर मासे रंगवून झाले. पोरं रडायची ती रडायचीच.

तेव्हा सेल्वानेने आपली आजी आठवली. डोंगराकडच्या गावात ही आजी चुलीपाशी बसून गोष्टी सांगायची, आणि तिचा आवाज असा होता की बकऱ्यासुद्धा बसल्या जागी पेंगायच्या. सेल्वानेने तो आवाज उचलला. सुई दिलेल्या पोराच्या अंगातून तेवढा वेळ किरण निघत असतात, म्हणून ती काचेच्या अलीकडे बसायची आणि मायक्रोफोनमधून गोष्ट सांगायची. एकच गोष्ट, तिने स्वतः जुळवलेली. तरसाने गावचा निखारा चोरला आणि गिळून टाकला. आता निखारा कुणाच्या पोटात आहे ते कळणार कसं? दिवसाउजेडी सगळीच जनावरं सारखी. मग एक शहाणी पोरगी म्हणाली, सगळ्यांनी काळोखात मुकाट बसा, ज्याच्या पोटात निखारा त्याचं पोट उजळेल. गोष्टीत मध्ये मध्ये गाणं यायचं:

"निखाऱ्या रे निखाऱ्या, कुणाच्या पोटात?
हलू नको, बोलू नको, दिसशील काळोखात."

जोहान्सबर्गची पोरं दुसऱ्या गाण्यापर्यंत झोपून जायची. डॉ. पिल्ले, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई, सुरुवातीला नाक मुरडायच्या. "नियमात गोष्ट कुठे लिहिलीय, सेल्वाने?" पण चित्रं स्वच्छ येऊ लागली तशा त्या गप्प झाल्या. वर्षानुवर्षं असं नीट चाललं. केनेवे खाली येईपर्यंत.

केनेवे आठ वर्षांची, क्वाक्वाच्या डोंगरातली. तिच्या पोटात तिच्या मामाच्या लिव्हरचा तुकडा होता. आई डर्बनला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला, तिचा रक्तगट जुळला नाही; मामा लेफाचा जुळला, आणि त्याने दुसऱ्या दिवशी टॅक्सी चालवणं थांबवून येऊन सही केली. ऑपरेशन झालं, पिवळेपणा जाऊन पोर टवटवीत दिसू लागली, शाळेत गेली. आणि या हिवाळ्यात ताप आला तो जाईचना. वरच्या वॉर्डात तिचं रक्त इतक्या वेळा काढलं की आता ती स्वतःच सुईवाल्याला चांगली शीर दाखवायची.

तिच्याबरोबर तिची आजी होती. पहिल्या मुलाच्या नावावरून बाईला हाक मारायची त्यांची रीत, म्हणून मामा लेफाची आई ती मालेफा. उंच, वाळकी, खांद्यावर घोंगडी पिनेने अडकवलेली, आणि नजर अशी की वॉर्डबॉयसुद्धा वाट सोडायचे.

"उपाशी आहे ना पोर?" सेल्वानेने विचारलं.

"घोटभर पाणी, तेही तुमच्या डॉक्टरने सांगितलं तेवढंच," मालेफा म्हणाली. "आंबील मागत होती. नाही दिली. माझ्या हाताने पोराला उपाशी ठेवायची वेळ आणलीत तुम्ही."

"थोडा वेळ फक्त, न्खोनो." न्खोनो म्हणजे आजी, आपल्या भाषेची म्हातारी समोर आली की सेल्वानेचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. "मी तिला गोष्ट सांगेन, ती झोपेल."

मालेफाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती म्हणाली असावी, मी तिला विस्तवावर बसवेन. "आत्ता? सकाळी? ऊन डोक्यावर आलंय आणि तू गोष्ट सांगणार? तुझ्या घरी कुणी मोठं माणूस नव्हतं का गं? दिवसा गोष्ट सांगितली की शिंगं उगवतात."

"न्खोनो, हे तळघर आहे. इथे ऊन कुठलं?"

"तळघरात आहे म्हणून बाहेरचा दिवस रात्र होत नाही." घोंगडी सावरून म्हातारी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, पाठ दाराकडे करून. "सांग तुला सांगायची तर. मी ऐकणार नाही."

सुई टोचताना केनेवे रडली नाही. टोचून झाल्यावर, खोलीत एकटी राहिल्यावर रडू लागली, आणि ते रडणं वाढत चाललं. रडणं म्हणजे गळा, छाती, पोट, सगळंच उजळणार. सेल्वानेने घाईने मायक्रोफोन दाबला आणि सुरू केलं, "म्हणतात की, एकदा असं झालं..."

काचेपलीकडून, हुंदक्याच्या मधून, जीभ टाळूला टक्कन आपटून उत्तर आलं. "क्वोई."

सेल्वानेचा हात जागच्या जागी थांबला. हे उत्तर तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. गावाकडे गोष्ट अशीच सांगतात. सांगणारा एक वाक्य टाकतो, ऐकणारे 'क्वोई' म्हणतात, मग तो पुढे जातो. उत्तर आलं नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही, आणि न देणारं पोर बेअदब ठरतं. शहरातल्या पोरांना हे ठाऊकच नव्हतं, म्हणून तर ती झोपत. ही मालेफाच्या हाताखाली वाढलेली. हिला कोण झोपवणार?

"केनेवे बाळा, उत्तर नाही द्यायचं. नुसतं ऐकायचं."

"मग गोष्ट निघून जाईल, आउसी." आउसी म्हणजे ताई. पोरगी परत ओठ काढू लागली.

आता इथे सेल्वानेने थांबायला हवं होतं. डॉक्टरांना फोन करायचा, म्हातारीला आत आणायचं, काहीही करायचं. पण तिने मनाशी हिशेब केला, की रडण्यापेक्षा हळूच म्हटलेलं 'क्वोई' परवडलं. "बरं, हळू म्हण," ती म्हणाली. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण खरं सांगायचं तर तिला ते उत्तर हवंहवंसं वाटलं होतं. घरी एक मुलगा आहे, तो कानात इयरफोन घालून असतो. आजी गेल्यापासून तिच्या वाक्याला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. बाई वाहवली, झालं.

पोर हळू म्हणाली, मग जरा कमी हळू. गाणं आलं तेव्हा तिला ते एका ऐकण्यात पाठ झालं आणि ती ते म्हणू लागली, अगदी सुरात. सेल्वाने आपल्या बाजूने दुसरा आवाज धरून बसली. 'हलू नको, बोलू नको' असं गात पोरगी तासभर गळा चालवत राहिली, आणि तिला गप्प बसवायचा पगार घेणारी बाई तिला साथ देत होती. गाणी इतकी झाली की गोष्ट संपायच्या आत वेळ संपली. निखारा तरसाच्या पोटातच राहिला.

दुपारी डॉ. पिल्लेंनी सेल्वानेला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर गार झालेला चहा, समोर पडद्यावर केनेवेचं चित्र. करड्या अंगात दोन ठिकाणी उजेड. एक पोटात खोल, लिव्हर आणि आतडं जिथे शिवलंय त्याच्या मागे, लहानसा ठिपका. दुसरा गळ्यात, दोन्ही बाजूंना, चांगला झगझगीत.

"बोलली का ही?" डॉक्टरांनी विचारलं. मान वर केली नव्हती.

सेल्वानेच्या जिभेवर 'थोडंसं' हा शब्द येऊन बसला होता. सोपा शब्द होता. या एका शब्दाने गोष्टीही वाचल्या असत्या आणि अब्रूही.

"तासभर," ती म्हणाली. "गाणंसुद्धा म्हटलं."

डॉक्टरांनी आता वर पाहिलं. "गाणं कुणी शिकवलं?"

"मीच."

डॉक्टर ओरडल्या नाहीत, ते बरं झालं असं म्हणवत नाही, कारण त्या ज्या शांतपणे बोलल्या ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "हे बघ. लिव्हर बदललेल्या मुलांना कधी कधी गाठी येतात. गळ्यात येतात, आतड्यात येतात. गळ्यातला हा उजेड गोष्टीचा असेल तर मला तो पुसून टाकता येईल. गाठींचा असेल तर पोटातला ठिपकाही मला गाठच धरावी लागेल. मग लिव्हर सांभाळणारी गोळी कमी करायची, कारण अशा गाठी तिच्यामुळेच फोफावतात. आणि ती कमी केली, आणि पोटात निघाला साधा पू, तर मामाचं लिव्हर आपण आपल्या हाताने घालवलं. आधीच ते डगमगतंय. काय सांगू मी वरच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना?"

"पोटात सुई घालून नाही बघता येत?"

"तिथे सुई म्हणजे आतड्यांच्या गर्दीतून वाट काढणं. सर्जन घालेल, पण त्याला आधी खात्री हवी. गळ्याचा तुकडा काढायचा तर भूल द्यावी लागेल, आणि या तापात, रक्त इतकं पातळ असताना, भूलवाला तयार होत नाही."

सेल्वानेला बसायला खुर्ची होती, पण ती उभीच राहिली. एका पोरीच्या पोटातलं तिच्या मामाचं लिव्हर, आणि ते राहणार की जाणार हे आपल्या एका हौसेने गढूळ केलं, हे तिला तिथे उभ्या उभ्या नीट समजलं.

शेवटी डॉक्टरांनी वरच्यांशी भांडून दोन दिवस मिळवले. शुक्रवारी प्रिटोरियाकडून साखर येईल तेव्हा पुन्हा फक्त मानेचं चित्र काढायचं, अर्ध्याहून कमी मात्रेत. तोवर गोळी आहे तशी. "आणि सेल्वाने, या वेळी एक अक्षर नाही. गोष्टही नाही."

"नाही, डॉक्टर."

मालेफाला सांगणं तिने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण तसं करायला ती बनली नव्हती. वॉर्डात केनेवे तापात डोळे मिटून पडली होती. म्हातारी तिचे तळवे चोळत होती. सेल्वानेने सगळं सांगितलं, गाण्यासकट, आणि फोनवर घेतलेलं चित्रही दाखवलं.

म्हातारीने फोन हातात धरून लांब नेला, जवळ आणला. गळ्यातल्या दोन उजेडांवर तिने बोट ठेवलं. "मी काय म्हटलं होतं? शिंगं. डोक्यावर नाही, गळ्यात आली."

"चुकलं माझं, न्खोनो."

"चुकलं तर चुकलं. तुझ्या गावात दिवसा गोष्ट सांगत नव्हते, हे तुला माहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग शहर चढलं तुला." म्हातारी पुन्हा पोरीचे तळवे चोळू लागली. मग म्हणाली, "खालून आल्यापासून पोर विचारतेय, निखारा बाहेर काढला का? तिला वाटतंय तो तिच्याच पोटात राहिलाय. अर्धी गोष्ट टाकून गेलीस तू. तरसाचं सोड, माझ्या पोरीला चटके बसतायत."

सेल्वानेला तिथेच रडू आलं. ती ते लपवायलाही गेली नाही, आणि मालेफाने तिला रडू दिलं, घोंगडीचं टोक पुढे केलं नाही की जा म्हटलं नाही.

शुक्रवारी सकाळी साखर आली. जोहान्सबर्गचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं. गप्पखोली आधीच तापवून ठेवली होती. केनेवे चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आली, पलंग पाहिला आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून बसली. "गोष्ट पुरी करणार?"

सेल्वानेने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली, नाही.

"मग मी नाही जात." आवाज बारीक होता, पण खालचा ओठ बाहेर आला होता. तो पुढे काय करणार हे सगळ्यांना दिसत होतं. साखरेतल्या किरणांचा जोर शिशाच्या डबीत बसल्या बसल्या दर मिनिटाला ओसरत होता. ती कुणासाठी थांबत नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होत्या. गुंगीचं औषध द्यायचं तर पुन्हा तोच भूलवाला, तोच नकार.

तेव्हा मालेफा उठली. "हे पोर उत्तर देतं म्हणून भानगड झाली ना?" तिने डॉक्टरांना विचारलं, मधे सेल्वानेला दुभाषी करून.

"हो."

"गोष्ट ऐकल्याने काही होत नाही? कानाला साखर लागत नाही?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "नाही, आजी. कानाला लागत नाही."

"तर मग उत्तर मी देईन. तिच्या वाटचं." म्हातारी वाकून नातीसमोर आली. "ऐक गं. माझ्या आजीच्या घरी कुणी आजारी असलं, तोंड आलेलं असलं, तर त्याच्या वाटचं 'क्वोई' दुसरं माणूस म्हणायचं. गोष्टीला चालतं ते. तू ओठ मिटायचे, मी म्हणेन ते तुझंच. कळलं?"

खरंच असं तिच्या आजीच्या घरी होतं की ते तिने त्या क्षणी उभं केलं, हे सेल्वानेने पुढे कधीच विचारलं नाही.

"पण दिवस आहे, न्खोनो," केनेवे म्हणाली. "शिंगं येतील."

"मला येतील. मी म्हातारी, माझं लग्न थोडंच व्हायचंय." मालेफाने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात सफाईवाल्याचा गवती झाडू उभा होता. तिने त्याची एक काडी मोडली आणि डोक्याच्या फडक्यात खोचली. "ही काडी असली की शिंगाला जागा राहत नाही. आणि एक ऐक. शेवट दिवसा सांगायचा नाही. शिंगं शेवटालाच येतात. शेवट घरी, दिवेलागणीनंतर."

"घरी कधी?"

आता हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर चित्राशिवाय बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. मालेफाने मात्र जराही डोळे हलवले नाहीत. "तू गप्प राहिलीस तर लवकर," ती म्हणाली. केनेवेने हात सोडले आणि स्वतःच पलंगावर चढली.

काचेच्या अलीकडे दोन खुर्च्या लागल्या. सेल्वानेने मायक्रोफोन दाबला, आवाज आजीचा केला, अगदी चुलीपाशी बसल्यासारखा. "म्हणतात की, एकदा असं झालं..."

"क्वोई," मालेफा म्हणाली.

म्हातारीचा आवाज असा खणखणीत, की तळघरातल्या पलीकडच्या खोलीतून कुणीतरी दार उघडून पाहून गेलं. काचेपलीकडे केनेवेने ओठ इतके घट्ट मिटले होते की ते दिसतच नव्हते. गाणं आलं. म्हातारी गायली, बेसूर, सेल्वाने गायली, सुरात. पोरीच्या पायाची बोटंसुद्धा हलली नाहीत. डोळे मात्र काचेवर होते, आधी एका तोंडावर, मग दुसऱ्यावर. झोपली नाही. तो अख्खा तास ती जागी राहिली आणि एक शब्द तिच्या गळ्यातून निघाला नाही. शहरातल्या झोपाळू पोरांपेक्षा हे कितीतरी अवघड, आणि सेल्वानेला तिचा असा अभिमान वाटला की मधे एकदा तिला वाक्य आठवेना. मालेफाने कोपराने ढोसलं.

गोष्ट जिथे गाव काळोखात मुकाट बसलं तिथे थांबली. पोरीला यंत्रात नेलं.

चित्र पडद्यावर एकेक पट्टीने येतं. कपाळ आलं. डोळे आले. जबडा. डॉ. पिल्ले पुढे वाकल्या. सेल्वाने त्यांच्या पाठीमागे, आणि तिच्या पाठीमागे, तिथे यायची परवानगी नसताना, मालेफा डोक्यात काडी खोचून.

गळा काळा होता. दोन्ही बाजूंना काळा, खाली छातीपर्यंत.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग खात्रीने, "गळ्यात काहीच नाही. ती गोष्टच होती." त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला आणि वर कुणालातरी सांगितलं की ठिपका एकटा आहे, गाठी नाहीत, गोळीला हात लावू नका, सर्जनला बोलवा.

मालेफाने सेल्वानेचा दंड पकडला. पकड बरीच जोरात होती. "शिंगं गेली?"

"गेली, न्खोनो."

म्हातारीने फडक्यावरून हात फिरवून आपलंही डोकं चाचपून घेतलं.

या सगळ्या गडबडीत केनेवेला बोलायला मोकळीक द्यायची राहूनच गेली. यंत्रातून काढली, खुर्चीत बसवली, वर वॉर्डात नेली, पुढ्यात आंबील ठेवली, तरी ओठ मिटलेले. वॉर्डातली नर्स घाबरून खाली फोन करू लागली, की पोरगी बोलत नाही, बघा काय झालं. सेल्वाने दोन दोन पायऱ्या चढत धापा टाकत वर गेली. "बोल गं बाई, बोल आता. संपलं ते."

केनेवेने मोठा श्वास सोडला. "न्खोनो बेसूर गाते," ती म्हणाली, आणि आंबिलीचा वाडगा तोंडाला लावला.

सर्जनने आतड्यांच्या गर्दीतून सुई घातली आणि पू निघाला. त्यातला जंतू सापडला, त्याला लागणारं औषध सापडलं. ताप एका दिवसात गेला नाही; कुरकुरत, मागे वळून पाहत गेला. लिव्हरचे आकडे आधी तिथेच रेंगाळले आणि मग खाली येऊ लागले. सेल्वाने रोज कामावर यायच्या आधी वर जाऊन तापाचा कागद पाहायची, आणि मालेफा रोज म्हणायची, "आलीस का परत? तुझ्या तळघरात काम नाही वाटतं?" आणि आपल्या शेजारची जागा मोकळी करायची. डॉ. पिल्लेंनी पुढच्या आठवड्यात नियमाच्या कागदात एक ओळ घातली, की गप्पखोलीत येणाऱ्या मुलासोबत काचेच्या अलीकडे घरचं एक माणूस बसेल आणि मुलाच्या वाटचं बोलेल. कारण विचारलं तर त्या म्हणत, "चित्र स्वच्छ येतं."

ऑगस्टच्या अखेरीस मामा लेफा आपली टॅक्सी घेऊन न्यायला आला. बारीक, लाजाळू माणूस. त्याने शर्टावरून पोटाच्या व्रणावर हात ठेवला आणि विचारलं, "माझं वागणं नीट आहे ना आत?" केनेवेने त्याच्या पाठीवर गुद्दा मारला. निघताना ती सेल्वानेपाशी आली.

"शेवट राहिलाय, आउसी."

"ऊन आहे बाहेर. तुझी आजी मला मारेल."

"मग?"

"तुझ्या मामाकडे फोन आहे ना?"

त्या दिवशी संध्याकाळी सेल्वाने आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत मोडा घेऊन बसली आणि समोरच्या इमारतीमागे सूर्य पुरता जाईपर्यंत वाट पाहत राहिली. आत मुलगा होता, कानात इयरफोन. मग तिने फोन लावला. पलीकडे क्वाक्वात चूल पेटली असावी. लाकूड तडकल्याचा आवाज येत होता, आणि बरीच माणसं कुजबुजत होती. मालेफाने शेजारपाजारही गोळा केला होता.

"अंधार झाला का तिकडे?" सेल्वानेने विचारलं.

"झाला. सांग," मालेफा म्हणाली. "काडी काढून टाकलीय मी."

सेल्वानेने आवाज खाली आणला. "म्हणतात की, सगळं गाव काळोखात मुकाट बसलं..."

"क्वोई!"

फोन नुसता थरथरला. मामाचा जाडा आवाज, म्हातारीचा बेसूर, शेजाऱ्यांचे, पोराटोरांचे. आणि सगळ्यांच्या वर एकच बारीक, तीक्ष्ण, छाती फोडून काढलेला. एवढ्या दिवसांचं सगळं साठलेलं उत्तर पोरीने एका दमात दिलं होतं. सेल्वानेच्या मुलाने आतून इयरफोन काढून विचारलं, "आई, कोण ओरडतंय?"

सेल्वानेने हाताने त्याला थांब म्हटलं. त्या डोंगरात, चुलीपाशी, त्या पोरीचा गळा आत्ता कसा लखलखत असेल, दोन्ही बाजूंनी, हे तिला यंत्राशिवाय दिसत होतं, आणि त्या उजेडाला आज कुणीही घाबरणार नव्हतं.

"आणि तरसाचं पोट उजळलं," ती म्हणाली, आणि उत्तरासाठी थांबली.